कान तुटलेला दिवा

[दृश्य: पुणे, नाना पेठ. सुट्या भागांच्या दुकानातला काउंटर, त्यावर उलटा ठेवलेला हेडलॅम्प]

समोरून बघाल तर हा दिवा धडधाकट आहे. काचेवर एक ओरखडा, बाकी काही नाही. उलटा केला की कळतं, वरचे दोन्ही कान गेलेत. ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांमधून बोल्ट जातो आणि दिवा गाडीला धरून राहतो, त्यांना कारागीर कान म्हणतात. समोरून हलकी ठोकर बसली तरी बऱ्याचदा काच वाचते आणि कान जातात. मग खड्ड्यात दिवा हलतो आणि रात्री रस्त्यावर झोत नाचतो.

पहिला उपाय म्हणून लोक फेविक्विक लावतात. तो आठवडाभरही टिकत नाही, आणि त्याचं कारण दिव्याच्या पाठीवरच छापलेलं असतं. तिथे बहुधा 'पीपी' ही अक्षरं दिसतील. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि त्यावर असला गोंद धरत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून, आत तारेची जाळी बसवून केलेलं वेल्डिंग मात्र टिकतं. एखादाच कान गेला असेल आणि तुटका तुकडा हातात असेल, तर ही दुरुस्ती जरूर करा. काही मॉडेल्ससाठी कंपनीच नुसत्या कानांचं किट देते, तेही विचारून घ्यावं. दोन कान गेले असतील तर नवा दिवा शोधायला लागायचं.

विम्यातून पैसे घ्यायचे असतील तर आधी कंपनीला कळवा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याने, पाहेपर्यंत काहीही सोडवू नका. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापतात. दिव्याची 'काच' पॉलिकार्बोनेटची असते, म्हणून दिवाही सहसा प्लास्टिकमध्येच धरला जातो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० रुपयांची वजावट. समजा दिवा ६,००० रुपयांचा. निम्मे गेले, हजार गेले, दिव्यापोटी हातात आले २,०००. आणि एवढ्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, असेल तर तो वाचतो, बोनसचा हिशेब मात्र तरीही करावा. नुसता दिवाच गेला असेल तर खिशातून देणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

[दृश्य: आरसी, त्यावर चासी नंबर]

"स्विफ्टचा हेडलाइट द्या." एवढ्यावर दुकानदार हात हलवत नाही. २०१८ साली आलेल्या स्विफ्टचंच घ्या: खालच्या प्रकारांत हॅलोजन, वरच्या झेडएक्सआय प्लसमध्ये एलईडी प्रोजेक्टर. बाहेरून आकार तोच, पण आतलं यंत्र वेगळं, मागचा कनेक्टर वेगळा आणि किंमत तर फारच वेगळी. म्हणून आधी चासी नंबर काढा. तो आरसीवर असतो, पॉलिसीवर असतो आणि गाडीच्या अंगावर खोदलेला असतो. एकूण १७ अक्षरं-आकडे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरत नाहीत, म्हणून गोल दिसलं की शून्यच लिहायचं. या नंबरावरून कंपनीच्या काउंटरवर नेमका पार्ट नंबर मिळतो. तो हातात आला की बाजारात कुठेही विचारता येतं. खोक्यावर वेगळा नंबर दिसला तर लगेच परत करू नका. जुना नंबर बंद होऊन त्याजागी नवा आलेला असू शकतो, काउंटरवर ताडून बघा.

डाव्या-उजव्याचा घोळ रोजचा. गाडीसमोर उभं राहून फोनवर 'डावा' सांगितला की घरी डावाच येतो, आणि गाडीला हवा असतो उजवा. बाजू सीटवर बसून ठरवायची. म्हणून दुकानदार विचारतो, "ड्रायव्हर साइड की कंडक्टर साइड?" हा प्रश्न जास्त चोख आहे. विजेचा माल बरीच दुकानं परत घेत नाहीत, तेव्हा ऑर्डरआधीच विचारा.

माल तीन तऱ्हेचा. एक कंपनीच्या खोक्यातला. दुसरा दिवे बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या खोक्यातला: लुमॅक्स, युनो मिंडा यांसारखे कारखाने वाहन कंपन्यांना दिवे पुरवतात आणि काही माल थेट बाजारातही आणतात. आपल्या मॉडेलचा मिळाला तर आम्ही हाच घ्यायला सांगू. तिसरा लोकल. त्यात बऱ्याचदा कानाचं भोक दोन मिलिमीटर सरकलेलं असतं, काचेवरचा उन्हापासून वाचवणारा थर पातळ असतो, आणि मग काच लवकर पिवळी पडते.

[दृश्य: मुंबई, कुर्ला, सीएसटी रोड. कापलेल्या गाड्यांचे भाग]

सेकंडचा माल हवा असेल तर कुर्ला. इथे दिवा आधी उलटा करून कान मोजा. मग उन्हाकडे धरून केसासारखी चीर दिसते का बघा. आपल्या कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर ठेवून द्या. रिफ्लेक्टरवर पाण्याचे डाग असतील तरी नको. काच फारच चकचकीत असेल तर पॉलिश केलेली असण्याची शक्यता आहे. पॉलिशमध्ये वरचा थर निघून जातो, आणि नवा थर दिला नसेल तर ती पुन्हा पिवळी पडते. कनेक्टर वायर कापून काढलेला नसावा. बिल मागाच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाला दिवा आणायला सांगणारेही आहेत. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या दिव्याचा झोत उजवीकडे वर चढतो. आपल्या रस्त्यावर तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. युरोपीय 'ई' खूण असलेल्या दिव्यावर उजवीकडे रोखलेला बाण असेल तर तो आपल्यासारख्या डाव्या बाजूच्या वाहतुकीचा, बाण नसेल तर उजव्या बाजूचा.

[दृश्य: बंपर काढलेली गाडी, मोजपट्टी]

नवा दिवा बसत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा दिव्याचा नसतो. ठोकरीत रेडिएटरवरची आडवी पट्टी वाकलेली असते. बॉनेटच्या लॉकच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या बोल्टच्या भोकांपर्यंत मापं घ्या. फरक दिसला तर आधी डेंटरकडून पट्टी सरळ करून घ्या. घाईतला कारागीर कानाचं भोक घासून मोठं करतो आणि दिवा कसाबसा बसवतो. तो कान पुढच्या खड्ड्यात जाणारच.

बऱ्याच गाड्यांत बंपर उतरवावा लागतो, तेव्हा आठ-दहा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा. जुन्या निघताना तुटतात. दिव्यात एच-४ जातीचा बल्ब असेल तर तो ६०/५५ वॉटचाच घाला. त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मागचं रबरी टोपण कडेपर्यंत नीट बसलं नाही तर पहिल्याच पावसात आत दव धरतं.

[दृश्य: संध्याकाळ, भिंत, चिकटपट्टीची रेघ]

आता झोत लावायचा. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, झोत वरखाली करणारं बटण शून्यावर. सपाट जागेवर दिवा भिंतीपासून ५ मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर मोजा आणि तिच्या ५ सेंटिमीटर खाली पट्टी चिकटवा. म्हणजे झोताचा उतार झाला एक टक्का. दिव्यावर किंवा बॉनेटखाली वेगळा आकडा छापलेला असेल तर तो धरा. लो बीम लावा, मागचा स्क्रू थोडा थोडा फिरवा. उजाडाची वरची कड पट्टीला टेकली आणि डाव्या टोकाला वर चढली की थांबा. मग दुसऱ्या बाजूचा जुना दिवाही याच पट्टीवर तपासा. बंपर काढताना तोही हललेला असू शकतो.