ट्रिफिड दिसला की भीती पळते

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय एका जुन्या इंग्रजी भयपटाबद्दल. नाव 'द डे ऑफ द ट्रिफिड्स'. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये तयार झालेला, रंगीत, दीड तासाचा, आणि पैशांची ओढाताण जागोजागी उघडी पडलेला. ट्रिफिड म्हणजे माणसाहून उंच, मुळं ओढत चालणारी आणि विषारी नांगी मारणारी वनस्पती. ऐकायला गंमत वाटते ना? पडद्यावरही गंमतच वाटते. तरीसुद्धा हा चित्रपट मला भीतीदायक वाटतो, आणि त्याचं श्रेय त्या झाडांना मुळीच नाही.

गोष्ट अशी. एका रात्री आकाशात उल्कांचा वर्षाव होतो. असा देखावा पुन्हा दिसायचा नाही म्हणून जग माना वर करून बघत राहतं. सकाळपर्यंत बघणाऱ्या सगळ्यांची दृष्टी गेलेली असते. बिल मेसन नावाचा एक दर्यावर्दी मात्र लंडनच्या इस्पितळात डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधून पडलाय. ज्याला काही बघता आलं नाही, तोच वाचतो. सकाळी पट्टी सोडायला कुणी येत नाही, म्हणून तो ती स्वतःच सोडतो. बाहेर इस्पितळ उलथंपालथं झालंय. डॉक्टर भेटतात, तर त्यांनाच दिसत नाही. ते पेशंटला सांगतात, माझे डोळे जरा तपासून बघ.

यानंतरचा अर्धा तास फार चांगला आहे. विमानात प्रवाशांना दिसत नाही, आणि मग त्यांना कळतं की वैमानिकालाही दिसत नाही. लंडनच्या स्टेशनात एक गाडी न थांबता आत घुसते आणि आदळते. त्या गर्दीत सुझन नावाची लहान मुलगी आहे आणि तिला दिसतं. हे एका माणसाच्या लक्षात येतं आणि तो तिला घट्ट पकडून ठेवतो. सोडायलाच तयार नाही. तो माणूस दुष्ट नाही, हे लक्षात घ्या. त्याला फक्त दोन डोळे हवेत, मग ते कुणाचे का असेनात. एवढ्या प्रसंगाला पैसे लागले नाहीत. एक फलाट आणि चाचपडणारे हात पुरले.

आणि मग झाडं येतात. रबराची, डुलत डुलत, इतकी सावकाश की आपल्या आजीनंही त्यांना मागे टाकावं. दिग्दर्शक स्टीव्ह सेकेली मूळचे हंगेरीचे, बुडापेस्टचे. नायक हॉवर्ड कील, म्हणजे हॉलिवूडच्या संगीतपटांतला गाजलेला गायक-नट. इथं त्याला गाणं नाही. तो गंभीर चेहऱ्यानं इंग्लंड, फ्रान्स, स्पेन अशी मजल-दरमजल करत झाडं जाळतो.

खरी गडबड पुढे झाली. चित्रीकरण संपवून जोडायला बसले, तर वापरण्याजोगा चित्रपट भरेचना. लांबी वाढवायला हवी होती. मग एक वेगळंच कथानक रचलं गेलं: समुद्रातल्या एका बेटावरचं दीपगृह, त्यात अडकलेलं शास्त्रज्ञ जोडपं, नवरा दारूच्या आहारी गेलेला, आणि दाराबाहेर ट्रिफिड. हे प्रसंग फ्रेडी फ्रान्सिस यांनी दिग्दर्शित केले. त्याआधी छायाचित्रणाचं ऑस्कर मिळवलेला हा माणूस, पण श्रेयनामावलीत त्यांचं दिग्दर्शक म्हणून नावच नाही. दीपगृहातलं जोडपं आणि मेसन एकमेकांना एकदाही भेटत नाहीत. ठिगळ ते ठिगळच. पण चार भिंतींतला तो भाग नीट बांधलाय, आणि बायकोचं काम करणाऱ्या जॅनेट स्कॉटच्या किंकाळ्या मूळ कथेपेक्षा जास्त लोकांच्या लक्षात राहिल्या.

याच ठिगळातून शेवटही काढला. जोडपं आणखी काही सुचेना म्हणून होजपाइपनं समुद्राचं पाणी मारतं, आणि ट्रिफिड विरघळून हिरवा लगदा होतात. संपलं संकट! आपल्या कोकणात खाजणाचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की भात जातं, हे शाळेतलं पोरही सांगेल. इथं मात्र दोन शास्त्रज्ञांना अख्खा चित्रपट लागला. आणि ट्रिफिड जर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळाच्या कुळातला निघाला असता, तर काय करणार होते?

हा शेवट मूळ कादंबरीत नाही. जॉन विंडमची ती कादंबरी 1951 सालची. तिच्यात ट्रिफिड आकाशातून पडत नाहीत. माणूसच त्यांची लागवड करतो, कारण त्यांच्यापासून उत्तम तेल मिळतं. धोका ठाऊक आहे, पण पैसा येतोय, म्हणून कुंपण घालून मळेच्या मळे वाढवलेत. माणसं डोळस आहेत तोवर सगळं आटोक्यात. दृष्टी गेली की पारडं फिरतं. चित्रपटानं हा धागा तोडून टाकला आणि झाडांना परग्रहाची करून आपली जबाबदारी झटकली. मला तरी हा नुकसानीचा सौदा वाटतो. पटकथेवर नाव लागलं फिलिप योर्डन यांचं. लिहिणारे होते बर्नार्ड गॉर्डन, अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत गेलेले, म्हणजे स्वतःच्या नावानं काम न मिळणारे. त्यांना त्यांचं श्रेय मिळालं ते पुष्कळ वर्षांनी.

रिकाम्या इस्पितळात एकट्यानं जाग येणं ही कल्पना मात्र टिकली. 2002 सालच्या '28 डेज लेटर' या चित्रपटाची सुरुवात तशीच आहे, आणि त्याचे लेखक अ‍ॅलेक्स गार्लंड यांनी हे ऋण मान्य केलंय.

आता आपल्या माध्यमाबद्दल, म्हणजे रेडिओबद्दल थोडं. कादंबरीतल्या ट्रिफिडच्या बुंध्याशी तीन छोट्या काड्या असतात. त्या खोडावर आपटून तो खडखड आवाज करतो. एकानं केला की दुसरा उत्तर देतो. दृष्टी गेलेल्या माणसाला कळतं ते एवढंच, की आवाज जवळ आलाय. बीबीसीनं 1957 साली याची रेडिओ मालिका केली आणि 1968 साली पुन्हा नव्यानं ध्वनिमुद्रित केली. रबर नको, होजपाइप नको. रेडिओवर श्रोत्याला काही दिसत नाही, म्हणजे तो आपोआपच त्या लंडनकरांच्या रांगेत जाऊन बसतो. चित्रपटाला जे दाखवताना हसू आलं, ते इथं न दाखवता साधलं.

बीबीसीनं 1981 साली दूरचित्रवाणीसाठीही मालिका केली. ती कादंबरीशी बरीच प्रामाणिक आहे. सुरुवात करायची तर तिच्यापासून करा. चित्रपट नंतर बघा, आणि स्टेशनचा प्रसंग चुकवू नका. नमस्कार.