जुन्या हार्ड डिस्कला कोणतं काम द्यायचं?

नवा कॉम्प्युटर घेतला, किंवा जुन्यातलाच मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलला, की जुन्या हार्ड डिस्कचा प्रश्न सगळ्यात शेवटी उरतो. शेवटी उरतो म्हणून त्याचं उत्तरही घाईघाईत दिलं जातं. कुणी म्हणतं, चालतेय ना, मग लावा आत. कुणी म्हणतं, जुनी झाली, टाका. दोघंही डिस्कचं वय बघून बोलत असतात. वयापेक्षा तब्येत बघायला हवी, पण तीही जरा नंतर. आधी तिला काम कोणतं देणार ते ठरवू या, कारण तीच डिस्क एका कामाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला उत्तम असू शकते.

हे कसं, ते थोडं आकडेमोड करून बघू. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आकार आणि क्षमता तेव्हापासून ओळखू येणार नाही इतकी बदलली, पण तबकडी फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावर पुढेमागे सरकतं, ही मूळ रचना तशीच राहिली. आजची साधी डेस्कटॉप डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, त्याचे चार मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायचं, त्याचे आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद झाले. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारा ड्राइव्ह. तिच्यात फिरायला काही नाहीच, तिथे हाच आकडा कित्येक हजारांत जातो.

आता सलग वाचनाचा हिशोब घ्या. मोठी व्हिडिओ फाइल एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत वाचायची आहे. हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २०० एमबी देते. साटा केबलवरची (हार्ड डिस्क जिने मदरबोर्डला जोडतात तीच केबल) एसएसडी साधारण ५५० एमबी. फरक तिप्पट-चौपट, बस्स. कॉम्प्युटर सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइल्स उघडल्या जातात. तिथे फरक शंभरपट आणि वर जातो. नवा प्रोसेसर घालून विंडोज जुन्याच हार्ड डिस्कवर ठेवणारे लोक ‘काही फरकच पडला नाही’ म्हणतात, ते खरंच सांगत असतात. प्रोसेसर रिकामा बसलेला असतो, डिस्कची वाट बघत.

तेव्हा पहिला निर्णय सोपा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम आणि रोजचे प्रोग्रॅम एसएसडीवर. फोटो, व्हिडिओ, गाणी, जुने प्रकल्प, बॅकअप यांना जुनी डिस्क पुरेशी वेगवान आहे. फक्त एक अट घाला, आणि ती मात्र सोडू नका: कुठल्याही फाइलची एकमेव प्रत जुन्या डिस्कवर असता कामा नये. दुसरी प्रत असेल, तिसरी असेल, आनंदाने ठेवा.

‘पण डिस्क तर ठणठणीत आहे, तपासून घेतलीये,’ असं कुणीतरी म्हणतंच. मग तपासणीबद्दल बोलू. प्रत्येक डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्रॅम किंवा लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही कमांड ती वाचून दाखवते. पडद्यावर वीस-पंचवीस ओळी येतात, त्यातल्या मोजक्याच कामाच्या. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली केलेले सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. या तिन्हींसमोर शून्य हवं. पाचव्या क्रमांकावर छोटा आकडा असेल आणि महिनोन्‌महिने तेवढाच असेल, तर दुय्यम कामाला मी ती डिस्क चालवून घेईन. दर आठवड्याला वाढत असेल तर तिच्यावरचं सगळं लगेच हलवा. १९९ वेगळा आहे, तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजतो. हा आकडा वाढला की लोक डिस्क फेकतात, आणि बहुतेक वेळा दोष असतो केबलचा. आधी केबल बदलून बघा. प्रोग्रॅम हे आकडे अनेकदा सोळाच्या पद्धतीने दाखवतो, तेही ध्यानात असू द्या, नाहीतर सी-पाच म्हणजे १९७ हे न कळून शोधत बसाल.

इतकं सगळं शून्य आलं तरी निश्चिंत होता येत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे वाईट बातमी आली तर ती खरी माना. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टमधल्या चार मुख्य लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. चांगल्या बातमीवर विसंबता येत नाही ते यामुळे. एकमेव प्रत ठेवायची नाही ही अट मी घालतो, ती याच आकड्यापोटी.

याच कारणासाठी आणखी एक हौस टाळा. घरात चार जुन्या डिस्क निघाल्या, त्या जोडून एक मोठा ड्राइव्ह करायचा. विंडोजमध्ये करता येतं, दिसतंही छान. पण चारांतली एक गेली की त्या सगळ्या ड्राइव्हवर पाणी सोडावं लागतं. चार वेगळ्या राहू द्या.

आता प्रत्यक्ष जोडणी. इथे डिस्क चांगली असूनही माणसं अडकतात. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर इन्स्टॉलर कधीकधी कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बूट फाइल्स जुन्या डिस्कवरच्या पार्टिशनमध्ये टाकतो. वरकरणी सगळं ठीक चालतं. वर्षभराने जुनी डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि दोष नव्या एसएसडीला दिला जातो. म्हणून इन्स्टॉल करताना कॅबिनेटमध्ये एकच ड्राइव्ह जोडलेला ठेवा, बाकीच्यांच्या केबल नंतर लावा. दुसरी गंमत एम-डॉट-टू खाचेची, म्हणजे मदरबोर्डवर एसएसडी केबलशिवाय थेट बसवायच्या जागेची. कित्येक मदरबोर्डवर त्या खाचेत एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. जुनी डिस्क नेमकी त्याच पोर्टवर असते, ती दिसत नाही, आणि माणूस समजतो अपग्रेड करताना डिस्क मेली. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती पुस्तिका कोण वाचतं म्हणा!

लॅपटॉपमधून काढलेली डिस्क किंवा एसएसडी विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असू शकते, तुम्ही स्वतः ते चालू केलेलं नसलं तरी. नव्या कॉम्प्युटरला जोडली की ४८ आकडी किल्ली मागते. जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच ती किल्ली उतरवून ठेवा. रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क असेल तर तिच्यासाठी यूएसबी अॅडॅप्टर मिळतो. त्यावरून माल उतरवून घ्या आणि तिला निरोप द्या, नव्या कामाला ठेवण्याइतकी जागा तिच्यात बहुधा नसते.

डिस्क आत न लावता केसिंगमध्ये घालून बाहेर वापरायची असेल, तर लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते. साडेतीन इंचीला बारा व्होल्टही लागतात, म्हणजे वेगळा अॅडॅप्टर असलेलं केसिंग किंवा डॉक हवा. बॅकअपसाठी मला हीच व्यवस्था जास्त पटते. बॅकअप घेतला, डिस्क काढली, कपाटात ठेवली. व्हायरस आला किंवा विजेचा झटका बसला, तरी न जोडलेल्या डिस्कला काही होत नाही. अधूनमधून जोडून फाइल्स उघडताहेत ना, एवढं बघत जा.

डिस्क अडखळत असेल, खटखट आवाज करत असेल, तर ‘दुरुस्ती’चे प्रोग्रॅम आधी चालवू नका. विंडोजमधलं चेकडिस्क अशा डिस्कला आणखी राबवतं. खटखट होत असेल आणि आतला माल महत्त्वाचा असेल, तर डिस्क बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. नुसती अडखळत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे प्रत काढणारं साधन चालवा. ते आधी सहज वाचता येतं तेवढं उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावण्याची युक्ती जुन्या काळी चालायची. आता प्रत्येक बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापं असतात, त्यामुळे नुसता बोर्ड बदलून भागत नाही.

राहता राहिलं डिस्क घराबाहेर देणं. २००३ साली दोन अमेरिकी संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या होत्या. चालू निघाल्या १२९, आणि त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी डिलीट किंवा फॉरमॅट केलंच होतं. क्विक फॉरमॅट फक्त यादी पुसतो, माल जागेवर राहतो. विंडोजच्या डिस्कपार्टमधली ‘क्लीन ऑल’ ही कमांड सबंध डिस्कवर शून्यं लिहिते. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. पण कुठल्या डिस्कचा क्रमांक निवडलाय ते दोनदा बघा, ती कमांड पुन्हा विचारत नाही. पस्तीस वेळा लिहायला हवं असं कुठेतरी वाचलं असेल, तो १९९६ सालचा आणि त्याआधीच्या डिस्कच्या रचनांचा हिशोब आहे. आजच्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण लिहिणं पुरतं. एसएसडीला मात्र हा उपाय लावू नका, कारण ती लिहिण्याच्या जागा आतल्या आत बदलत राहते. तिच्यासाठी कंपनीच्या प्रोग्रॅममधला किंवा बायोसमधला (मदरबोर्डच्या सेटिंगमधला) सिक्युअर इरेझ वापरायचा.

आणि जी फिरतच नाही, म्हणून पुसताही येत नाही, ती हार्ड डिस्क तबकड्यांमधून ड्रिल आरपार घालून मगच ई-कचऱ्यात द्या. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटल्या की तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा असू द्या.