पदर, फणी आणि फरा

येवला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मावशी पैठणीचा पदर विणतायत. मोराच्या मानेचे रंग तीन, म्हणून तिल्ल्याही, म्हणजे रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्याही, तीन. तारांखालून एक काढायची, शेजारच्या रंगात अडकवायची, मग फणी मारायची. साडीच्या अंगाला धोटा चालतो. पदर मात्र बोटांनीच भरायचा. नजर तारांवर, हात पुढे, खांदे छातीकडे ओढलेले.

आता मागून पाहा. ब्लाउजखाली उठून दिसतेय ती फऱ्याची, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाची, कड. धडाशी फऱ्याचा हाडाचा सांधा एकच, तोही गळ्याच्या हाडामार्फत. बाकी सगळी भिस्त स्नायूंवर. हात डोक्यावर सरळ नेला की १८० अंशांतले साधारण ६० अंश फरा फिरतो. मान-पाठीवरच्या ट्रॅपिझियस स्नायूचा वरचा भाग त्याला वर ओढतो, खालचा खाली, आणि बरगड्यांवरचा सेरेटस स्नायू पुढे. पण छातीतला छोटा स्नायू, पेक्टोरॅलिस मायनर, आखडला, की फरा पुढे कलतो आणि या तिघांचं गणित बिघडतं.

फिजिओथेरपिस्ट पाठीवर आणि बरगड्यांवर इलेक्ट्रोड चिकटवतेय; कुठला स्नायू किती काम करतो, ते पडद्यावर रेघांत दिसतं. आधी प्रत्येक स्नायू पूर्ण ताकदीनं आवळायला लावते. पुढचं सगळं मोजमाप त्याच्या टक्क्यांत. मावशी हात वर करतात. पहिली रेघ, वरचा ट्रॅपिझियस, दाट. सेरेटसची जेमतेम थरथरते.

"मावशी, खांदे कानाला लावू नका."

"अगं, मग हात वर जाणार कसा?"

जातो. भिंतीला तळवे टेकून दंड काढायचा. कोपर सरळ झालं तरी थांबायचं नाही. भिंत आणखी ढकलायची, दोन फऱ्यांमधली पाठ जरा फुगेपर्यंत. सेरेटसची रेघ बघा आता.

मेडिकलच्या दुकानात खांदे मागे ओढणारा पट्टा मिळतो. ओढतोही. पण ओढायचं काम पट्टाच करत असेल, तर स्नायूंनी कधी शिकायचं?

दुर्लक्ष झालं तर खांद्याच्या टोकाखालची जागा अपुरी पडू शकते, तिथला कंडरा दुखावू शकतो. मग वेणी घालतानाही हात अडतो.

भिंतीच्या व्यायामानंतर छाती ताणायची. दाराच्या चौकटीला हात लावायचा आणि एक पाऊल पुढे टाकायचं.

मजुरी साडीमागे मिळते, तासामागे नाही. त्यामुळे व्यायामाला वेगळी वेळ काढणं मावशींना परवडत नाही. सून तिल्ल्या भरते, तेवढ्यात त्या भिंतीपाशी जाऊन येतात.