श्रावणातला तिसरा दिवस

(दृश्य : संध्याकाळ. मटणाच्या दुकानापुढची रांग, दोन गाळे सोडून वाइन शॉपपुढची रांग.)

निवेदन :

गटारीच्या दिवशी मुंबईत दोन रांगा लागतात. एक मटणासाठी, दुसरी बाटलीसाठी. उद्यापासून श्रावण. आता थेट गणपती गेल्यावरच, असं ठरवून उठणारी माणसं लालबाग-परळच्या चाळींत आहेत, भांडुपच्या टेकडीवर आहेत आणि मुलुंडच्या टॉवरमध्येही आहेत. त्यातल्या बहुतेकांना ते जमतं. मग वर्षभर घरात एक वाक्य ऐकवलं जातं : मी श्रावण पाळतो, मला कसलं आलंय व्यसन?

ज्याला श्रावण पाळायचा आहे, मनापासून पाळायचा आहे आणि तरी शरीर पाळू देत नाही, त्या माणसाविषयी ही फिल्म आहे.

(दृश्य : चाळीतली खोली. बशीत ठेवलेला कप. चेहरा दाखवू नये.)

पहिल्या दिवशी सकाळी त्याचे हात थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजतो, म्हणून तो दोन्ही हातांनी धरतो. अंगाला घाम, पोटात मळमळ, छातीत धडधड. रोज हे सगळं एका नव्वदीत शांत व्हायचं. तो त्याला उतारा म्हणायचा. आज उतारा नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पुढच्या दिवशी एखाद्याला फिट येते, आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागतात. तो गोधडीवरून काहीतरी वेचत राहतो. समोर बायको उभी असते आणि तो तिला शेठ समजून हिशेब देत असतो. आयुष्यभर टेम्पो चालवलेला माणूस खाटेवर बसून हवेत गिअर टाकतो, हॉर्न देतो, पुढच्याला शिव्या घालतो. डॉक्टरांच्या ओळखीचं हे लक्षण आहे : भ्रमात माणूस आपलंच रोजचं काम करू लागतो. पण घरच्यांना ते माहीत नसतं. तीन दिवसांपूर्वी अमावास्या होती, एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात असतं. बाहेरचं लागलंय, असं शेजारची कुणीतरी म्हणते आणि रिक्षा इस्पितळाऐवजी भलतीकडेच वळते.

याचं वैद्यकीय नाव डिलिरियम ट्रेमेन्स. शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत ते उभं राहतं. सोबत ताप, वाढलेला रक्तदाब, बेताल नाडी. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दारू सोडल्यामुळे माणूस मरू शकतो, हे ऐकताना विचित्र वाटतं. म्हणूनच ते सर्वांत आधी सांगतो आहोत.

(दृश्य : मेंदूचं साधं रेखाचित्र.)

हे का होतं, ते समजायला फार अवघड नाही. मेंदूत चेतापेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. त्यांना चेतवणारं दुसरं असतं, ग्लुटामेट. दारू गाबाचं काम वाढवते आणि ग्लुटामेटचं दाबते. म्हणून दोन पेग पोटात गेले की जीव सैल होतो. पण वर्षानुवर्षं कुणी ब्रेकवर पाय ठेवून बसलं, तर मेंदू तेवढाच ॲक्सिलरेटर दाबून बरोबरी साधतो : गाबाला प्रतिसाद देणं कमी करतो, ग्लुटामेटची बाजू वाढवतो. त्या माणसाचा मेंदू दारू असतानाच जेमतेम ठिकाणावर राहतो. मग एका सकाळी ब्रेक अचानक निघतो. ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच असतो.

एके काळी खुद्द डॉक्टरांनाही याची खात्री नव्हती. फिट येते ती उपासमारीने, जीवनसत्त्वं नसल्याने, असं मानणारे पुष्कळ होते. १९५५ साली अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. दहा माणसांना चांगलं खाऊपिऊ घालून, जीवनसत्त्वं देऊन रोज भरपूर दारू दिली. काहींनी ती लवकर थांबवली. बाकीचे साधारण सात आठवडे किंवा त्याहून जास्त काळ पीत राहिले. मग दारू एकदम बंद केली. पोट भरलेलं होतं, जीवनसत्त्वं होती, तरी हात थरथरले. काहींना फिट आल्या, काहींना भ्रम झाला. ती माणसं मॉर्फिनच्या व्यसनाचा इतिहास असलेली होती. असा प्रयोग आज कुठलीही नैतिक समिती होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी जे सोसलं त्यातून एक गोष्ट पक्की झाली : हा शरीराचा आजार आहे, नाटक नाही.

तो सांभाळताही येतो. डॉक्टर काही दिवस झोपेच्या गोळ्यांच्या जातीतलं औषध देतात आणि त्याचा डोस रोज उतरवत नेतात. सोबत थायामिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. हे इंजेक्शन फार महत्त्वाचं आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायामिन बहुधा फार कमी उरलेलं असतं. ते वेळेवर मिळालं नाही तर डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल बिघडते, मग स्मरणशक्ती जाते. कार्ल वेर्निके यांनी हा आजार १८८१ साली नोंदवला आणि आजही तो टाळायला एक स्वस्त इंजेक्शन पुरतं. घरात कोंडून, बाहेरून कडी लावून दारू सोडवणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

(दृश्य : नाक्यावरचं टेबल, चार ग्लास, चण्याची प्लेट.)

आता दुसरा प्रश्न. एकाच टेबलावर बसणाऱ्या चौघांपैकी तिघांचा श्रावण सुखात जातो. चौथ्याचंच असं का?

थोडं उत्तर रक्तात आहे. १९७३ साली डोनाल्ड गुडविन यांनी डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदाते दारूच्या आजाराने ग्रासलेले, पण मुलं तान्हेपणीच दुसऱ्या घरी वाढलेली. मोठेपणी त्यांच्यापैकी १८ टक्क्यांना दारूचा आजार झाला. ज्यांच्या जन्मदात्यांना तो नव्हता, अशा दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के होतं. पुढे जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांतून साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो, असं दिसलं. बाप तसा म्हणून मुलगा तसा, हे शेरे मारणाऱ्यांनी याच अभ्यासातला दुसरा आकडाही वाचावा. शंभरातल्या १८ जणांना आजार झाला, ८२ जणांना झाला नाही.

प्राण्यांमध्येही हा फरक दिसतो. २०१८ साली स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांपुढे दारू आणि गोड पाणी, असे दोन पर्याय ठेवले. बहुतेक उंदीर गोड पाण्याकडे वळले. सुमारे १५ टक्के मात्र दारूलाच चिकटून राहिले. त्यांच्या मेंदूत, भीती आणि ताण हाताळणाऱ्या भागात, गाबा आवरून घेणारं एक प्रथिन कमी आढळलं. दारूचा आजार असलेल्या मृत माणसांच्या मेंदूतही तशीच कमतरता दिसली.

आणि काहींना उलट, जन्मतःच कवच मिळालेलं असतं. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन होतं, मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा निचरा करतं. जपान, चीन, कोरियातल्या अनेकांत हे विकर जन्मतः दुबळं असतं. थोडीशी प्यायली तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलटी येते. अशा माणसांत व्यसन कमी आढळतं. १९४८ साली डेन्मार्कमध्ये दारूच्या उपचारासाठी पुढे आलेली डायसल्फिरामची गोळी नेमकं हेच करते : विकर बंद पाडते.

(दृश्य : लोकलचा डबा. दारावरच्या पत्र्यावर चिकटवलेली जाहिरात, नंबर पुसट केलेला.)

लोकलच्या डब्यातली ही जाहिरात तुम्हीही वाचली असेल. रुग्णाला न सांगता दारू सोडवा. पुडी घ्या, भाजीत कालवा. आत काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरामसारखं औषध न सांगता पोटात गेलं आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत, पण तीही डॉक्टरांकडूनच घ्यायची. भाजीत कालवणाऱ्या बाईला आम्ही दोष देत नाही. सगळे मार्ग बंद झाल्यावरच तिचा हात त्या पुडीकडे जातो.

पण मुंबईत राहून नुसतं विकरांविषयी बोलणं अपुरं आहे. त्या तिघांचा श्रावण इतका सहज का जातो, ते पाहा. महिनाभर टेबलच भरत नाही. रविवारी बसू या का, असा फोन येत नाही. नको म्हटलं तर कुणी शपथ घालत नाही, कारण सगळ्यांनीच नको म्हटलेलं असतं. उरलेले अकरा महिने याच्या अगदी उलट. पगाराच्या दिवशी नको म्हणणारा भाव खातो, हळदीला नको म्हणणारा अपमान करतो.

सरकारने हा प्रश्न कायद्याने सोडवू पाहिला. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी होती. शहर पीतच राहिलं, फक्त हातभट्टीची. त्या धंद्याचं विष बंदी शिथिल झाल्यानंतरही राहिलं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलने. हे अल्कोहोल पोटात गेलं की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि सर्वांत आधी डोळ्यांच्या नसा जळतात. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. त्यांना हवी होती स्वस्तातली रात्र.

(दृश्य : शाळेचा रिकामा वर्ग. फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच. बाकांवर मोठी माणसं. फक्त पाठी आणि हात दिसावेत.)

मग टेबलाच्या जागी काय ठेवायचं? त्याचं एक उत्तर या वर्गात आहे. संध्याकाळी मुलं घरी गेली की बाकांवर मोठी माणसं येऊन बसतात. बाक चौथीच्या मुलांच्या मापाचे, गुडघे मावत नाहीत. एक जण उभा राहतो, नाव सांगतो, आपण दारुडा आहोत असं सांगतो आणि बोलू लागतो. कुणी सल्ला देत नाही, मधे बोलत नाही. संपलं की चहा. एखाद्याच्या दारूमुक्तीचा वाढदिवस असेल तर केकही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात सुरू झाली. कुठलंच शुल्क नाही, नाव-गाव विचारत नाहीत. शास्त्रज्ञ तिच्याकडे फार काळ साशंकतेने पाहत होते. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण तपासले गेले. या संघटनेच्या, बारा पायऱ्यांच्या मार्गाला रुग्णाला जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतकेच चांगले ठरले. पूर्ण दारू बंद ठेवण्याच्या बाबतीत तर काकणभर सरसच. कसं घडतं यावर जे संशोधन झालं, त्यात एक कारण ठळकपणे येतं : माणसाची ऊठबस बदलते. पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. श्रावणात महिनाभर जे सगळ्या शहरात होतं, ते इथे आठवड्यातून काही संध्याकाळी, बारा महिने होतं.

ज्याला मीटिंग मानवत नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट शेजारच्या गोव्याने दाखवली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलणं केलं. कधी प्यावंसं वाटतं, त्या वेळी काय करता येईल, घरात कोण साथ देईल. तीन महिन्यांनी यातले ३६ टक्के बरे झाल्याचं आढळलं. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. शंभरात दहा माणसं जास्त, तेही मानसोपचारतज्ज्ञ नसताना. आपल्या वस्त्या-वस्त्यांतल्या दवाखान्यांत हे का होऊ नये, हा प्रश्न आम्हाला पडतो आणि तो आम्ही सोडणार नाही.

बायकांच्या पिण्याविषयी कुणी बोलतच नाही. शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं, यकृतही लवकर बिघडतं. पुरुषाला निदान सांभाळून घेतात. तिला घराबाहेर काढतात. म्हणून ती दवाखान्यात पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

(दृश्य : महापालिकेच्या रुग्णालयातली केस पेपरची खिडकी.)

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख माणसं दारूच्या पूर्ण आहारी गेलेली आहेत. त्यांच्यातल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. बाकीचे ३७ कुणाच्या तरी घरात असतात.

तुमच्या घरात असेल तर केईएम, शीव, नायर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तिथे सकाळी केस पेपर काढा. जाताना चार गोष्टी आठवून ठेवा, कारण डॉक्टर त्या विचारणार : शेवटची कधी घेतली, रोज किती घेतो, याआधी सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का, आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का. हात थरथरत असतील, बोलणं असंबद्ध झालं असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत न्या, रात्र असली तरी. फोनवर आधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. दोन्ही मोफत आहेत. घरच्यांनीही फोन करावा. पिणारा तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.