कोंबडी आपली, परस शेजाऱ्याचं

(गोवा, सत्तरी तालुका. वाळपईजवळचा एक वाडा, म्हणजे छोटी वस्ती. सकाळ.)

खुराड्याच्या दाराला दोन कड्या आहेत. खालची कोंबड्यांसाठी, वरची कांडेचोरासाठी, म्हणजे उदमांजरासाठी. एकाच कडीवर दार वरून हलतं, आणि तेवढी फट त्याला पुरते, हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

घरची माई दोन्ही कड्या काढते. आधी कोंबडा उतरतो, मागून कोंबड्या, सगळ्यांत शेवटी पिल्लांची आई. माईने काजूच्या बागेतून वारुळाचं एक ढेकूळ आणलंय. ते ती दगडावर आपटते. आतली पांढरी वाळवी वळवळत बाहेर पडते आणि पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून ती टिपतात. दाणा तांदळाच्या कणीचा, बाकीचं परसातलं. विकतच्या खाद्याची पिशवी या घरात क्वचितच येते.

गोव्यात परसातली कोंबडी कुणी धंदा म्हणून सुरू केली नाही. गावाच्या राखणदार देवाला द्यायला कोंबडा हवा, पाहुणा आला तर शाकुतीच्या रश्शाला एक हवी, म्हणून ती असायचीच. आजही बाजारात गावठीला ब्रॉयलरपेक्षा कितीतरी चढा भाव मिळतो.

अंड्यांच्या हिशेबात मात्र गावठी मागे पडते. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी. त्यातही ती खुडूक बसली की 21 दिवस अंड्यांवरून उठत नाही, आणि पुढे पिल्लं सुटी होईपर्यंत अंडं बंद. म्हणून जुने गोव्यात एला इथे असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे लोक सुधारित जातींची चौकशी करतात. हैदराबादला तयार झालेली ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या वर तपकिरी अंडी देते. पण ती खुडूक बसत नाही, आणि तिच्या अंड्यांतून काढलेल्या पुढच्या पिढीत तेवढी अंडी मिळत नाहीत. माईकडे दोन्ही आहेत. घरात खायला-विकायला ग्रामप्रियेची अंडी, पिल्लं काढायला गावठी.

(पाऊस. खुराड्याखालून वाहणारं पाणी.)

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. खुराड्यातलं भाताचं तूस एकदा ओलं झालं की पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि दोन दिवसांत निम्मी जातात. म्हणून खुराडं जमिनीपासून गुडघाभर उंच, तूस रोज हलवायचं, ओलं तेवढं काढून टाकायचं. त्याहून मोठी भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. ती आली की औषध नाही, फक्त लस. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी लस टोचून. अडचण अशी की लशीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती कशी परवडणार? म्हणून वाड्यावरची घरं मिळून एक बाटली आणतात. संध्याकाळी कोंबड्या आत शिरल्या की एकजण धरतो, एकजण थेंब सोडतो.

आता कायद्याचं. परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळल्या म्हणून सरकारी माणूस दारात येत नाही. कायदा भेटतो तो आडवाटेने.

पहिल्यांदा भेटतो रानाच्या बाजूने. घोरपड अंडी खाते, मुंगूस पिल्लं नेतं, कधी बिबट्याही येतो. पूर्वी फास लावत. घोरपडीच्या कातड्याने तर घुमट हे मातीचं वाद्य मढवत, आता तिथे बकऱ्याचं कातडं आलं. घोरपड आणि बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या शिकारीला किमान 3 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. एका कोंबडीपायी हा सौदा कुणालाच परवडायचा नाही. दुसरी कडी आणि बारीक जाळी स्वस्त पडते.

दुसऱ्यांदा भेटतो शेजाऱ्याच्या बाजूने. गुरं शेतात शिरली तर कोंडवाड्यात घालता येतात. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात हत्ती आणि उंटसुद्धा गुरांत धरलेत, कोंबडी मात्र नाही! त्यामुळे मिरचीची रोपं उकरली तर भांडण कुंपणावरच मिटवायचं. बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीवर बाहेरून येऊन बंगले बांधलेल्यांना पहाटेची बांग खुपते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत भोंगा आहे, हॉर्न आहे, फटाके आहेत. कोंबड्याचं नाव नाही. पण घाण, माश्या, वास यांचा सगळ्यांनाच त्रास होऊ लागला तर तो सार्वजनिक उपद्रव ठरू शकतो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवायला सांगू शकतात. तक्रार बहुधा बांगेची असते, पण ती टिकते वासावर. विष्ठा रोज माडाच्या आळ्यात गेली तर तक्रारीत दम उरत नाही.

तिसऱ्यांदा भेटतो आकड्यावर. लाकडी खुराडं ही एक गोष्ट, आणि चिऱ्याची पक्की शेड ही दुसरी. बांधकाम म्हटलं की 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याचं कलम 66 आलं, म्हणजे पंचायतीची परवानगी आली. 5000 पक्ष्यांच्या पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागते. तिथे परसाचा विषय संपतो आणि उद्योगाचा सुरू होतो.

एका बाबतीत मात्र दहा कोंबड्यांनाही सूट नाही. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरच्या आत फार्म आणि परस असा भेद करत नाहीत. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, पण आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून एकदम चार-पाच कोंबड्या मरून पडल्या तर गुपचूप पुरून टाकण्यापेक्षा त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं फायद्याचं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानुसार रोगाची खबर देणं हे मालकाचं कर्तव्यही आहे.

(बाजाराचा दिवस. बसथांबा.)

माईने दोन कोंबडे करंडीत घातलेत, वरून जाळी बांधलीय. पाय बांधून उलटे टांगून नेणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. झुंजी लावणंही नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड अजून 10 ते 50 रुपयांचाच आहे, तेव्हा धाक कितपत असेल ते समजून घ्या. माईचं कारण वेगळं. उलटा टांगलेला कोंबडा बाजारात पोचेतो मलूल पडतो, आणि गिऱ्हाईक भाव पाडतं.

दर काय लावणार, असं विचारलं.

"आधी गिऱ्हाईक बघते, मग सांगते," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.