नारिंगी झेंडा : गेलिक फुटबॉलचे बदललेले नियम

(दृश्य : डब्लिनचे क्रोक पार्क, खचाखच भरलेले. केरी या आयरिश काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, हिरवे-सोनेरी आणि डॉनेगॉल काउंटीचे पिवळे-हिरवे झेंडे.)

२७ जुलै २०२५. अखिल आयर्लंड अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचा पूर्वार्ध संपत आला आहे आणि केरीचा डेव्हिड क्लिफर्ड गोलपासून चाळीस मीटरपेक्षाही लांब उभा आहे. वर्षभरापूर्वी इतक्या अंतरावरून चेंडू मारण्याचा मोह बहुतेक प्रशिक्षकांनी आपल्या खेळाडूला होऊ दिला नसता. आज तो मारतो. चेंडू आडव्या दांड्यावरून पलीकडे जातो आणि गोलखांबाजवळचा पंच पांढऱ्याऐवजी नारिंगी झेंडा वर करतो. एका गुणाऐवजी दोन गुण मिळतात आणि केरी १७–१० अशा आघाडीने मध्यंतराला जाते.

(जल्लोषाचा मूळ आवाज. निवेदन नाही.)

गेलिक फुटबॉल प्रत्येकी पंधरा खेळाडूंचे दोन संघ खेळतात. इंग्रजी ‘एच’ अक्षरासारख्या खांबांमधून चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण मिळतो आणि दांड्याखालून जाळ्यात गेला तर तीन गुणांचा गोल होतो. चेंडू हातात धरून चार पावलांपर्यंत पळता येते. त्यानंतर तो जमिनीवर आपटून पुन्हा झेलावा लागतो किंवा पायाच्या बोटांनी हलकेच उडवून हातात घ्यावा लागतो. काउंटीच्या संघातून खेळणाऱ्या या खेळाडूंना मानधन मिळत नाही. दिवसभर शाळेत, शेतावर, बँकेत काम करून ते संध्याकाळी सरावाला येतात आणि तरीही अंतिम सामन्याला ८२ हजार प्रेक्षक जमतात.

(दृश्य : जुनी चित्रफीत. २८ ऑगस्ट २०११, डब्लिन विरुद्ध डॉनेगॉल.)

हा उपांत्य सामना नीट पाहावा. प्रशिक्षक जिम मॅकगिनेस यांनी घडवलेल्या डॉनेगॉलने जवळपास सगळा संघ स्वतःच्या गोलपुढे उभा केला आहे. डब्लिनला आत शिरायला वाट नाही आणि डॉनेगॉलला पुढे जायला माणूस नाही. सत्तर मिनिटांचा खेळ संपतो तेव्हा डब्लिनचे आठ आणि डॉनेगॉलचे सहा गुण झालेले असतात. मॅकगिनेस यांना दोष देण्याचे कारण नाही; नियमांनी जे करू दिले ते त्यांनी इतरांपेक्षा अधिक शिस्तीने केले आणि पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, डॉनेगॉलने अजिंक्यपद जिंकले. मात्र त्यांचे पाहून इतरांनीही तीच वाट धरली. भिंतीसारख्या बचावापुढे चेंडू हाताने या बाजूकडून त्या बाजूकडे देत राहायचे आणि फट पडण्याची वाट पाहायची, हाच या खेळाचा नेहमीचा चेहरा झाला. उंच उडी घेऊन झेल घेणे आणि लांबून अचूक मारणे या ज्या दोन कौशल्यांसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर येत होते, तीच दिसेनाशी झाली.

परंपरेत हात घालू नये, असे म्हणणाऱ्यांनी परंपरेचा इतिहास पाहायला हवा. हा खेळ चालवणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना १८८४ मध्ये थर्लस येथे झाली. आरंभीच्या काळात कितीही गुण केले तरी त्यांची बरोबरी एका गोलाशी होत नसे. १८९२ मध्ये गोल पाच गुणांचा झाला, १८९६ मध्ये तीन गुणांचा. संघात आधी एकवीस खेळाडू असत, मग सतरा झाले, आणि १९१३ पासून पंधरा. हा खेळ स्वतःला दुरुस्त करत करतच इथवर आला आहे.

(दृश्य : रिकामे मैदान. पांढऱ्या रंगाने कमान आखणारा कर्मचारी.)

२०२४ च्या आरंभी संघटनेचे अध्यक्ष जार्लथ बर्न्स यांनी फुटबॉल पुनरावलोकन समिती नेमली आणि तिची धुरा जिम गॅविन यांच्याकडे दिली. गॅविन यांच्या मार्गदर्शनाखाली डब्लिनने २०१५ ते २०१९ अशी सलग पाच अजिंक्यपदे जिंकली होती. २०१४ च्या उपांत्य फेरीत मात्र मॅकगिनेस यांच्या डॉनेगॉलनेच त्यांना हरवले होते. जुन्या नियमांत काय साधते आणि काय कोंडते, हे दोन्ही त्यांनी अनुभवलेले होते. समितीत मायकेल मर्फीही होते, म्हणजे २०१२ च्या विजेत्या डॉनेगॉलचे कर्णधार.

पडद्यावर आखली जाणारी ही कमान समितीच्या कामाचा गाभा आहे. गोलरेषेच्या मध्यापासून चाळीस मीटर त्रिज्येची ही रेषा. तिच्या बाहेरून दांड्यावरून मारलेल्या चेंडूला दोन गुण. गोलपुढे गर्दी करून बसलेल्या बचावपटूंना आता लांबून मारणाऱ्याला रोखण्यासाठी पुढे यावे लागते. ते पुढे आले की पाठीमागे जागा मोकळी होते, आणि त्या जागेत पळणारा खेळाडू गोल करू शकतो. दुसरा नियम असा की प्रत्येक संघाने आपले किमान तीन खेळाडू सतत प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात ठेवले पाहिजेत, म्हणजे सगळे पंधरा जण मागे येऊन बसण्याची सोयच उरली नाही. प्रो कबड्डीतील ‘डू ऑर डाय’ चढाई आपल्या प्रेक्षकांना परिचित आहे. रिकाम्या चढाया करून वेळ काढणाऱ्या संघाला तिसऱ्या चढाईत धोका पत्करायला तिने भाग पाडले. कमानीमागचा विचारही तोच आहे.

(दृश्य : मंदगती. चार खेळाडू एकाच वेळी हवेत झेपावतात, एकाच्या हातात चेंडू.)

गोलरक्षक पूर्वी चेंडू जवळच्या सहकाऱ्याकडे अलगद देत असे. आता त्याने मारलेला चेंडू कमानीपलीकडे जायलाच हवा, आणि म्हणून हा झेल पुन्हा दिसू लागला. समितीने आणखी काहीही केले नसते, तरी एवढ्या एका बदलासाठी तिचे ऋण मानावे लागले असते. फाउल झालेल्या खेळाडूला आता शिट्टीनंतर थांबून राहावे लागत नाही. तो चेंडू उडवून लगेच पळत सुटतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती न देता दूर टाकला किंवा पंचांशी हुज्जत घातली, तर फ्री किकची जागा पन्नास मीटर पुढे सरकते.

हे सगळे एका बैठकीत ठरले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्रोक पार्कवर आयर्लंडच्या चार प्रांतांच्या संघांना खेळवून चाचणी घेतली गेली. तेव्हा गोलाला चार गुण होते. तो प्रस्ताव पुढे मागे घेण्यात आला. ३० नोव्हेंबरच्या विशेष अधिवेशनात मोठ्या बहुमताने एका हंगामापुरती मान्यता मिळाली. लीग सुरू झाल्यावर गोलरक्षकच पुढे येऊन हल्ल्यात सामील होऊ लागले आणि अकरा बचावपटूंपुढे बारा जण उभे राहू लागले, तेव्हा हंगाम चालू असतानाच नियमात दुरुस्ती करण्यात आली. आपला प्रस्ताव मैदानावर तपासून जाहीरपणे सुधारणारी समिती क्रीडासंघटनांमध्ये क्वचितच आढळते.

(दृश्य : अंतिम सामन्याचा उत्तरार्ध. धावफलक.)

२०२४ च्या अंतिम सामन्यात आर्माने गॉलवेला १४–१३ असे हरवले होते. दोन्ही संघांचे मिळून सत्तावीस गुण. २०२५ मध्ये केरीने डॉनेगॉलला २९–१९ असे हरवून एकोणचाळिसावे अजिंक्यपद मिळवले, मिळून अठ्ठेचाळीस. दुहेरी गुणांमुळे आकडा फुगतो हे खरे, आणि १४–१३ चा सामना अधिक अटीतटीचा होता हेही खरे. परंतु चेंडू किती वेळा उंच झेलला गेला आणि किती वेळा लांबून मारला गेला, हे चित्रात दिसतेच आहे. हरलेल्या डॉनेगॉलच्या बाजूला मॅकगिनेस उभे आहेत, आणि मैदानात निवृत्तीतून परतलेले मायकेल मर्फी आहेत, आपणच घडवलेल्या नियमांनुसार खेळणारे.

पंचांवर देखरेखीचा भार वाढला आहे आणि छोट्या क्लबांना नव्या रेषा, नवे झेंडे व नवे प्रशिक्षण यांची तजवीज करावी लागली आहे.

४ ऑक्टोबर २०२५ रोजी विशेष अधिवेशन पुन्हा भरले आणि एका हंगामासाठी स्वीकारलेले हे नियम कायम करण्यात आले.