खमिरातली सांधणी

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, पहाट. नानची भट्टी, परातीत फुगलेला मैदा.)

खलियासोबत फस्त होणारे हे नान फुगतात ते यीस्टमुळे. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. आपल्याकडे तिला खमीर म्हणून सोडून देतात. तिच्या डीएनएत मात्र बिनभाड्याचे भाडेकरू राहतात. टीवाय-1, टीवाय-3 अशी त्यांची नावं.

हे भाडेकरू जुनी खोली न सोडता नवी बळकावतात. आधी स्वतःची आरएनए प्रत काढायची, मग तिच्यावरून उलटा डीएनए बनवून दुसरीकडे घुसवायचा. 1985 साली अमेरिकेत जेफ बोके आणि जेराल्ड फिंक यांच्या गटानं ही चाल पकडली. त्यांनी टीवाय-1मध्ये इंट्रॉनचा तुकडा मुद्दाम घातला. असा तुकडा छाटला जातो तो आरएनएतूनच. नव्या जागी पोचलेल्या प्रतीत तो नव्हता! चोर कुठल्या वाटेनं आला, ते कळलं.

एचआयव्ही हेच करतो. फक्त तो पेशीबाहेर पडून दुसरी पेशी गाठतो. टीवाय घरातल्या घरात फिरतात.

उलटी नक्कल करणारं एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. टेमिन आणि बाल्टिमोर यांना ते 1970मध्ये स्वतंत्रपणे सापडलं, 1975मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तेव्हापासून सगळा मान त्याच एन्झाइमला. मला यात थोडा अन्याय वाटतो. का, ते पाहायला पैठणला जाऊ.

(दृश्य: पैठण. पैठणीचा माग थांबलेला. बोटांत रेशमाची दोन टोकं.)

जुना ताणा संपला. आता नव्या ताण्याचा एकेक धागा शोधायचा, गुंता सोडवायचा, जुन्या टोकाशी पीळ देऊन सांधायचा. तोवर माग गप्प.

पेशीतलं एन्झाइमही असंच अडून बसतं. कोऱ्या आरएनएवर त्याला सुरुवातच करता येत नाही. आधी एक टोक जोडलेलं लागतं. ते टोक पेशीच्याच टीआरएनएचं, म्हणजे प्रथिनं बनवायला एकेक अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या छोट्या आरएनएचं. एचआयव्ही लायसिनचा टीआरएनए उचलतो, टीवाय मेथिओनिनचा. पण तो स्वतःभोवती घड्या घालून बसलेला. एचआयव्हीत त्याची 18 अक्षरं उलगडून विषाणूच्या 18 अक्षरांशी जुळवावी लागतात. नुसत्या उष्णतेनं हे करायचं तर परीक्षानळी 85-90 अंशांपर्यंत तापवा. न्यूक्लिओकॅप्सिड नावाचं चिमुकलं प्रथिन तेच काम 37 अंशांना उरकतं, तेही एटीपी हे पेशीचं इंधन न जाळता. गाठ सैल करतं, टोकाला टोक भिडवतं. पुढे अर्धवट प्रत आरएनएच्या एका टोकावरून दुसऱ्यावर उडी घेते, तिथंही हेच हाताशी.

एचआयव्हीचं हे प्रथिन, एनसीपी-7, अवघ्या 55 अमिनो आम्लांचं. त्याला जस्ताचा एकेक अणू धरलेली दोन बोटं. टीवाय-3च्या एनसीपी-9ला एकच बोट. टीवाय-1ला तर एकही नाही. तिथं गॅग या कवच बनवणाऱ्या प्रथिनाचं शेपूटच सांधणी करतं.

टीवाय-3ची तऱ्हा आणखी वेगळी. 1998 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्यात टीआरएनए बसायची जागा दोन तुकड्यांत आहे. एक आरएनएच्या या टोकाला, दुसरा पार त्या टोकाला. हजारो अक्षरांचा धागा वळवून दोन्ही टोकं एकत्र आणायची, म्हणजे एका बोटाला काम बरंच झालं.

(दृश्य: पुन्हा भट्टी. मे महिन्याची दुपार.)

टीवाय-1ची ये-जा 20-22 अंशांना जोरात चालते, उकाड्यात मंदावते. त्यात सांधणाऱ्या प्रथिनाचा दोष नाही. प्रथिनं कापून वेगळी करणारं दुसरंच एन्झाइम गरमीत ढेपाळतं. आपल्याकडच्या चाळिशीपारच्या दुपारी परातीतले भाडेकरू बहुधा जागचे हलतच नसतील. आणि नान एकदा भट्टीला लागला, की प्रश्नच मिटला.